गणंग

मटकीला मोड आणायचे म्हणजे आमच्या घरी दीड-दोन दिवसांचं काम असे. सकाळी मटकी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायची आणि गाठोडं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरी टोकं डोकावू लागत. मग आजी गाठोडं परातीत सोडायची आणि उसळ फोडणीला टाकण्याआधी बराच वेळ एकच काम करत बसायची. गणंग वेचायचे.

ज्यांनी कधी मटकी निवडली नाही त्यांच्यासाठी सांगतो, गणंग म्हणजे न भिजणारा दाणा. बाकीच्यांबरोबर तोही दिवसभर पाण्यात असतो. बाकीचे फुगतात, साल सैलावते, मोड येतो. हा होता तसाच, बारका, चकचकीत, खड्यासारखा टणक. शिजवला तरी शिजत नाही. उसळीत राहून गेला आणि आजोबांच्या उरल्यासुरल्या दाढेखाली आला की ते ताट सरकवून विचारत, “मटकी कोनं निवडली आज?” म्हणून आजीचा त्या दाण्यांवर दात. वेचलेले गणंग मुठीत घ्यायची आणि मागच्या दारी न्हाणीच्या सांडपाण्याकडे भिरकावून द्यायची. भावकीतला एक पुतण्या कुठल्याच कामाला हलत नसे, त्यालाही ती गणंगच म्हणायची.

श्रावणात न्हाणीच्या कडेला मटकीचा एखादा वेल पसरलेला असायचा. तो कुणी लावलेला नसे. मी विचारलं की आजी म्हणे, “चिमण्यायनं टाकलं असंल.” ती स्वतःच वर्षभर तिथं बी टाकत होती, हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही. मलाही कळलं ते पुढं अकोल्याला कृषी विद्यापीठात गेल्यावर. वर्गात बियांच्या सुप्तावस्थेचा धडा चालला होता. काही बियांचं कवच पाणी आतच जाऊ देत नाही, असं सर सांगत होते, आणि मला फळ्याच्या जागी आमची न्हाणी दिसत होती.

आमचं गाव बीबी. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोनच भाग मानतो, घाटावर आणि घाटाखाली, आम्ही घाटावरचे. बाहेर गावाचं नाव सांगितलं की लोकांना हसू येतं. मुंबईत एकानं तर “कुणाची?” म्हणून विचारलं होतं. नावाचं मूळ काहीही असो, मला त्यात दोनदा बी दिसतं. ही व्युत्पत्ती म्हणून कुणी धरू नये. शेतकऱ्याच्या पोराला दिसतं ते दिसतं.

इथलं सगळं वर्ष जूनच्या पंधरवड्याला टांगलेलं असतं. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, मागून हरभरा आणि गहू. रोहिणी सरून मृग लागला की घराघरातला कर्ता माणूस उंबऱ्यावर बसून आभाळाकडे बघू लागतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, ही कृषी खात्याची शिफारस आता पोरासोरांनाही पाठ आहे. तरी दरसाल तीस-चाळीस मिलिमीटरवर कुणाची तरी तिफण निघतेच. एकाची निघाली की दुसऱ्याला घरात बसवत नाही. तिसऱ्याला त्याची बायको बसू देत नाही.

त्याच पहिल्या पावसावर न पेरलेलं काय उगवतं, ते पाहण्यासारखं असतं. तरोटा. रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या वाड्याच्या मातीत, जिथं पाहावं तिथं तरोट्याची कोवळी पानं. लसूण-मिरचीवर परतलेली त्याची भाजी वर्षात आठ-पंधरा दिवसच चांगली लागते, मग पान जून होतं. पण तरोटा सगळा एकदम निघत नाही. पहिल्या सरीला काही, आठवड्यानं आणखी काही, आषाढात पुन्हा थोडा, आणि पुष्कळसा त्या साली निघतच नाही. त्याच्या बियांचं कवच मटकीच्या गणंगासारखंच. उन्हाळ्यात जमीन दिवसा तापते, रात्री निवते. माती घासते, पाय पडतो. त्यातून कुठल्या बीला कधी चीर जाईल याचा नेम नसतो. एकाच शेंगेतली भावंडं वेगवेगळ्या साली उगवतात. पहिला पाऊस दगा देऊन गेला, पुढं पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, तर निघालेली जळून जातात आणि निजलेली वाचतात. तरोट्याला दुबार पेरणी करावी लागत नाही ती यामुळं.

बाभळीची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या बीला चीर पाडायला नुसतं ऊन पुरत नाही. मेंढपाळ वावरात मेंढ्या बसवतात, त्या शेंगा खाऊन आलेल्या असतात. बी पोटातून फिरतं, तिथल्या रसांनी कवच झिजतं आणि लेंडीबरोबर बाहेर पडतं, खतासकट. मेंढ्या बसवलेल्या वावरात पावसाळ्यात बाभळीची रोपं निघाली की वडील कुरकुरत उपटत. रोपवाटिकेत हेच काम गरम पाण्यानं करतात. आणि घरात आजी परसात कोथिंबीर लावायच्या आधी धने जमिनीवर पसरून त्यावर चप्पल फिरवायची, दोन फाका वेगळ्या होईपर्यंत. कारल्याच्या बीचं टोक दातानं किंचित फोडायची. चीर पाडल्याशिवाय काही बिया ऐकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मटकीच्या बाबतीतच तिचा न्याय वेगळा.

बी निजतं म्हणजे नेमकं काय होतं? दाणा भरून पिकू लागला की तो आपलं पाणी सोडायला लागतो. पेशीतला रस आटत आटत असा घट्ट होतो की त्याला काचच म्हणावं. द्रवासारखा तो वाहत नाही. रेणूंची ये-जा जवळजवळ थांबते. श्वास चालू असतो, पण इतका मंद, की मोजायचं यंत्र लागावं. कोरड्या मडक्यात, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून आजी जे बी ठेवायची, ते या अवस्थेत असायचं. उतरंडीत वरून तिसरं मडकं बियांचं. त्याला हात लावलेला तिला खपत नसे.

मग पाणी येतं. सोयाबीनचा दाणा आपल्या वजनाच्या निम्म्याएवढं पाणी पिऊन घेतो, तेव्हा कुठं उगवायला लागतो. मक्याचं साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागतं. गंमत अशी, की पहिल्या काही तासांतल्या या फुगण्याचा जिवंतपणाशी काही संबंध नाही. मेलेला दाणाही तसाच फुगतो. वाटीत भिजत घातलेले दोन दाणे, एक जिवंत आणि एक मेलेला, संध्याकाळपर्यंत सारखेच टपोरे दिसतात. फरक पडतो तो त्यानंतर. जिवंत दाण्यात आधी डागडुजी सुरू होते. कोरडेपणात फाटलेले पेशींचे पडदे सांधले जातात, वारशाच्या धाग्यात झालेली मोडतोड दुरुस्त होते, मग डाळिंब्यांत साठवलेलं अन्न फुटू लागतं. पण पाणी मिळालं म्हणून सगळंच बी लगेच उठतं असंही नाही. आत दोन द्रव्यांची ओढाताण चालू असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल म्हणतं थांब. जिबरेलिन म्हणतं चल. नाशिकचे द्राक्षवाले ‘जीए’ म्हणून घडांना लावतात, तेच हे जिबरेलिन. कोणाचं पारडं जड आहे, त्यावर त्या दाण्याचा दिवस ठरतो. आणि ही पारडी हलतात ती थंडीनं, उजेडानं, नुसत्या दिवस गेल्यानंही. ताजा दाणा कितीही भिजवला तरी उगवत नाही आणि दोन-चार महिने पडून राहिला की आपोआप उगवतो, असं कित्येक पिकांत आणि गवतांत दिसतं.

या सगळ्यात एक क्षण फार महत्त्वाचा आहे. मूळ बाहेर पडेपर्यंत बी माघारी फिरू शकतं. भिजलं, आत हालचाल सुरू झाली आणि पुन्हा सावलीत सुकवलं, तरी जगतं; आमच्याकडे काही जण हरभरा असाच भिजवून सुकवून पेरतात, म्हणजे तो लवकर निघतो. पण एकदा मुळानं साल फोडली की परतीची वाट बंद. त्यानंतर पाणी तुटलं की संपलं. म्हणून रानातलं बी हा एक क्षण शक्य तितका पुढं ढकलतं.

पेरणाऱ्या माणसाला मात्र नेमकं याच्या उलट हवं होतं. एका दिवशी पेरलं की एका दिवशी उगवावं, एका दिवशी सोंगायला यावं. जो दाणा पहिल्या साली जमिनीत निजून राहिला तो त्याच्या खळ्यात आलाच नाही, आणि खळ्यात आला नाही म्हणून पुढच्या बिजवाईतही नाही. असं हजारो वर्षं चाललं. कुणी ठरवून केलेलं नसेल, पण आजीच्या परातीतलं काम माणसानं अख्ख्या शेतीत केलं. गव्हातले, मुगातले, सोयाबीनमधले गणंग वेचून वेचून आपण जवळजवळ संपवले. जुन्या वाणांत थोडे राहिले, म्हणून मटकी-हुलग्यात अजून सापडतात. आज पेरणीचं बियाणं इतकं आज्ञाधारक झालंय, की ओल दिसली की निघतं. जून असो की ऑक्टोबर, वावर असो की पोतं. भादव्यात झड लागली की मूग शेंगेतच उगवतो. उपट्या भुईमुगाचंही तसंच. काढणीला चार दिवस पाऊस लागला की जमिनीतल्या शेंगांत कोंब. पसऱ्या भुईमूग अजून थोडी झोप राखून आहे.

थांबायचं काम बियाणं करत होतं, ते आपण त्याच्याकडून काढून घेतलं आणि आपल्या गळ्यात बांधून घेतलं. मृगात उंबऱ्यावर बसलेला माणूस आभाळाकडे बघतो, तेव्हा तो तरोट्याच्या कवचाचं काम करत असतो. कवचाला कर्जाचा हप्ता नसतो आणि शेजारीही नसतो, म्हणून कवच चुकतं कमी.

२०१९ चा ऑक्टोबर आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. सोयाबीन सोंगून सुड्या लावल्या होत्या आणि परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. ताडपत्रीवर पाणी साचायचं, ते काठीनं उडवायचं, रात्री पुन्हा साचायचं. दिवाळी तशीच गेली. पाऊस उघडल्यावर वडिलांनी सुडीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत गरम होतं. बाहेर ओढलेल्या पेंढीला आंबूस वास आणि शेंगांच्या शिवणीतून पांढरे-हिरवे कोंब. त्यांनी एक शेंग उकलली, तीन दाणे, तिन्ही निघालेले. थोडा वेळ तळहातावर बघत राहिले आणि म्हणाले, “पेरलं असतं तं एवढं निंघालं नसतं.” हायब्रीड ज्वारीच्या कणसांवरही त्या साली गवतासारखे कोंब होते.

ज्याला कोंब दिसले ते उघडच गेलं. खरा घोटाळा झाला तो न दिसलेल्याचा. पुष्कळ दाण्यांत पाणी शिरून गेलं होतं, आत हालचाल सुरू होऊन ते पुन्हा सुकले होते, साल ताणून आकसली होती. सोयाबीन तसंही नाजूक बी. साल कागदासारखी पातळ आणि अंकुर तिच्या लगेच खाली. मळणी यंत्राचे फेरे जरा जास्त झाले, पोती एकावर एक रचली, पोतं वरून आपटलं, तरी अंकुराला इजा होते. त्यात एक-पंचमांश तेल. ते आठ महिन्यांच्या साठवणीत खवटत जातं. दिसायला मात्र दाणा पिवळा, गोल, सुरेख. असं बी २०२० च्या जूनमध्ये थैल्यांत भरून पेरणीला आलं.

आमची चार एकरांची पेरणी मृगातच झाली. त्या साली पावसानं दगा दिला नव्हता, वाफसाही छान होता. पाचव्या दिवशी वावरात उभं राहिलं की तास ओळीनं दिसायला हवेत. आमचं वावर नुसतं काळं. सहाव्या दिवशी सकाळी मी धुऱ्यालगतच्या तासात बसलो आणि बोटांनी माती उकरायला लागलो. पहिला दाणा सापडला तो फुगून साल सुटलेला. चिमटीत धरला तर चिखलासारखा चेपला आणि बोटांना नासका वास राहिला. दुसऱ्याला मूळ होतं, पाव इंच, पण टोक तपकिरी पडलेलं. तिसरा, चौथा, पाचवा पहिल्यासारखेच. सहावा जिवंत सापडला. मान वाकवून, दोन्ही डाळिंब्या मागं ओढत तो माती उचलायला लागला होता. सोयाबीनची उगवण ही मोठ्या कष्टाची गोष्ट आहे. तूर, हरभरा आपल्या डाळिंब्या खालीच ठेवतात आणि नुसता शेंडा वर काढतात. सोयाबीन मात्र सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन वर येतं. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं, जमिनीनं पपडी धरली, की हीच वाकलेली मान मोडते. मी त्या सहाव्या दाण्यावरची माती थोडी भुसभुशीत करून दिली. एका दाण्यानं काय होणार, हे कळत होतंच.

थैली कोणाची होती, दुकान कोणतं, हे इथं लिहिण्यात अर्थ नाही. पंचनामा झाला, कागद पुढं गेले आणि आम्ही उसनवारी करून दुबार पेरलं. आम्ही एकटे नव्हतो. राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून त्याची दखल घेतली. पुढच्या सालापासून कृषी खात्यानं घरचं बियाणं राखण्याचा आणि उन्हाळी सोयाबीन घेऊन ताजं बियाणं करण्याचा लकडा लावला. आधी लावायला हवा होता, पण लावला हे बरं.

त्याच जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळं पाहायला फारसं कुणाला जाता आलं नाही. फोटो मात्र घरोघरच्या मोबाइलवर. कुणी शकुन म्हणालं, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच रमणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं पेव फुटलं. रंग त्यांचा. पाऊस पडून पाणी पातळ झालं तशी गुलाबी झाक ओसरली. त्यांच्यापुरती योग्य वेळ आली होती, ते वर आले, इतकंच. आमच्या वावरातलं बी त्याच पंधरवड्यात जमिनीत नासत होतं, आणि तालुक्याचं नाव देशभर गुलाबी रंगात छापून येत होतं. मला तेव्हा त्या रंगाचा राग आला होता, हे कबूल करतो.

दुबार पेरणीतही एक गोष्ट न पेरता भरघोस निघाली. केना, कुंजरू, लोणा, गाजरगवत. पहिल्या वखरपाळीनं मारलं, दुसऱ्या पावसाला नवं आलं, डवरणी झाली, तिसरं आलं. निंदणाऱ्या बाया म्हणतात, “ह्या वावराच्या पोटात काय दुकान हाये का काय.” दुकानच आहे. मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षांचं गवताचं बी साठलेलं असतं. त्यातल्या काहींना तर उठायला क्षणभराचा उजेड पुरतो. वखरानं ढेकूळ उलटं केलं, बीवर ऊन पडलं, पुन्हा माती आली, तेवढ्यानं काम होतं. म्हणून जुने लोक पहिल्या पावसावर गवत उगवू देत, मग वखर फिरवत आणि मग पेरत. आता तेवढी सवड कुणाला नसते, आणि नंतर तणनाशकाचे पैसे मोजावे लागतात.

हे बी किती वर्षं थांबू शकतं, हे पाहण्यासाठी अमेरिकेत मिशिगनच्या शेती महाविद्यालयातल्या विल्यम बील नावाच्या प्राध्यापकानं १८७९ साली एक उद्योग केला. एकवीस जातींच्या बिया, प्रत्येकी पन्नास, ओलसर वाळूत कालवून वीस बाटल्यांत भरल्या आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. आधी दर पाच वर्षांनी एक काढत, मग दहा, मग वीस. २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात, बियांना उजेड लागू नये म्हणून जपत, एक बाटली उकरली. त्यातलं रानतंबाखूच्या थाटाचं एक तण एकशे बेचाळीस वर्षांनी उगवलं. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. बील १९२४ मध्ये वारले. तपासणाऱ्यांच्या कैक पिढ्या बदलल्या, पण एकाही सालाची घाई न झालेलं ते बी तसंच आहे. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या धुऱ्यावरच्या गवताबद्दल आदर वाटला. निंदणाची मजुरी देताना तो टिकत नाही, हा भाग वेगळा.

बीला विचारून पुढचं जाणून घ्यायची हौस आमच्या जिल्ह्यात मोठी. घाटाखाली जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घटमांडणी होते. मध्ये खड्ड्यात घागर, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, भोवती गोलात अठरा प्रकारची धान्यं. रात्रभर तिथं कुणी जात नाही. पहाटे कुठलं धान्य जागचं हललं, कुठलं विखुरलं, ते बघून पिकांचं आणि पावसाचं भाकीत सांगतात. राजाचं सुद्धा, म्हणजे आता सरकारचं. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात आणि टीव्हीवाले पहाटेच हजर असतात. माझा त्यावर विश्वास नाही. रात्रीच्या वाऱ्यानं आणि किड्यामुंग्यांनी हललेल्या दाण्यावरून तुरीचा भाव कळत नाही. तरी त्या गर्दीची टिंगल करवत नाही, कारण मीही मृगात वडिलांच्या चेहऱ्यावरून पावसाचा अंदाज घेत मोठा झालो.

नवरात्रातला घट मात्र मला पटतो. आजी वावरातली माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, मध्ये मडकं आणि भोवती घरातल्याच बियांचे दाणे: गहू, ज्वारी, हरभरा, जे रब्बीत पेरायचं ते. रोज थोडं पाणी. नवव्या दिवशी पिवळसर रोपं वीतभर व्हायची. ती कुठल्या धान्याची दाट, कुठल्याची विरळ, हे आजी बोटांनी फाकवून बघायची आणि मग आजोबांना म्हणायची, “हरबरा औंदा दुसरीकडून आना.” देव मध्ये बसलेला असायचा, पण पाहणी बिजवाईची चाललेली असायची. विद्यापीठात जो उगवणक्षमतेचा तक्ता आम्ही गुणांसाठी भरत होतो, तो ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी न लिहिता भरत होती.

आता देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटच्या रांगा दिसतात. मिरची, टोमॅटो, कारल्याचं संकरित बी तिथं तयार होतं. बाया सकाळपासून चिमट्यानं फुलं खोलतात आणि एकेका फुलाला परागकण लावतात. शेवटी सगळं ठरतं ते नमुन्यावर. शुद्धता आणि उगवण पास झाली तर पैसे, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात. तिथल्या एका ओळखीच्या बाईनं मला सांगितलं, “आमचं बी झोपलं तं आमी जागे राह्यतो.” गणंगाला तिथंही जागा नाही.

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात घर साफ करताना फळीवर तिचा एक पत्र्याचा डबा सापडला, तळाशी पसाभर जुनी मटकी. कीड लागून बरीचशी पोकळ. उरलेली भिजत घातली. दोन दिवसांनी फडकं सोडलं तर मोड एकालाही नव्हता. दाणे मऊ होऊन वास मारत होते, आणि त्यात नऊ गणंग, कोरडे, चकचकीत. मी ते वहाणेवर घासले, आजी धने घासायची तसे, आणि न्हाणीच्या कडेला पेरले. चार निघाले.

जून जवळ येतोय, म्हणून एवढं सांगून थांबतो. बियाणं घरचं असो की विकतचं, पेरणीच्या आठवडाभर आधी त्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घ्या. निवडून चांगले घेतलेत तर फसवणूक आपलीच. ओल्या पण पाणी न ठिबकणाऱ्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल मोडू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उघडून धड मूळ आणि धड कोंब असलेले तेवढेच मोजा. सोयाबीन सत्तर निघालं तर एकरी तीस किलो नेहमीप्रमाणे पेरा. साठ-पासष्ट निघालं तर त्या हिशेबानं जास्त टाका. त्याहून खाली आलं तर ते बी पेरू नका. विकतच्या थैलीची पावती, लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. आणि शंभर मिलिमीटर होईस्तोवर तिफण बाहेर काढू नका, शेजाऱ्याची निघाली तरी.